आबांचं शिसं

वितळणाऱ्या शिशाला एक वास असतो. तापलेल्या पत्र्याचा, जळक्या धुळीचा, आणि त्याखाली जिभेच्या मुळाशी उतरणारी एक बोथट गोडी. खाडीकाठच्या आमच्या घरी आबा, आमचे वडील, अंगणातल्या चुलीवर जुन्या पळीत शिसं वितळवत आणि राखेत बोटाने केलेल्या खळग्यांत ओतत. तो वास सुटला की माझा थोरला भाऊ घरामागे निघून जाई. नवं शिसं ओतायचं म्हणजे जुनं हरवलेलं असे, आणि ते हरवल्याबद्दल त्याची पाठ आदल्या दिवशीच फुटलेली असे.

आबा गळाला पाण्यावर तरंगणारं बूच लावत नसत. तंगुसाला, गळाच्या नायलॉनच्या दोरीला, शिसं बांधायचं, तेही असं की ते तळाला टेकेल पण तिथे बसणार नाही. ओहोटीबरोबर ते तळावरून गडगडत जाणार आणि आमिष त्याच्यामागून. तर्जनीवरून जाणाऱ्या तंगुसातून चिखल कळायचा, शिंपले कळायचे, माशाचं तोंड कळायचं. पण तळाशी खडकही असत. शिसं कपारीत अडके, तंगूस तुटे आणि आबांचा ओला वेत उठे. दहाव्या वर्षी दादाने फाटक्या चपलेच्या रबराचं बूच कापलं. बुचाखाली आमिष अधांतरी लटकतं. खडकाला लागत नाही, हरवत नाही. त्याच्या लेखी ती मासेमारी नव्हतीच, ती पाठ वाचवण्याची युक्ती होती. मला आबांनी कधी मारलं नाही आणि कधी तंगूसही हाती दिला नाही. मी उंबऱ्यावर बसून माशांची खवलं काढी आणि त्यांचं बोट पाही.

आबा गेले तेव्हा आम्ही दोघंही कुवेतमध्येच होतो. दादा तिथल्या राई भागातल्या एका गॅरेजात इंजिनं उघडतो, मी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका आहे. आमच्या घरात वर्षश्राद्धाच्या पानावर मासा लागतो. तो बाजारचा चालत नाही, लेकरांच्या हातचा लागतो, अख्खा, आणि दिवस मावळायच्या आत. त्या दिवशी महबूला भागातल्या माझ्या घरी केळीचं पान मांडून ठेवलं होतं. त्यावरची एकच जागा रिकामी होती.

म्हणून आम्ही दोघं जवळच्या समुद्रकाठी आलो होतो. तिथल्या बांधाच्या दोन दगडी भिंतींमधून ओहोटीचं पाणी नदीसारखं धावत होतं. दादाने दुकानातलं नारिंगी बूच आणलं होतं. माझ्या रुमालात आबांनी ओतलेली तीन शिसं होती.

"बूच लाव. खाली दगड आहेत," दादा म्हणाला.

"मासेही खालीच आहेत, दादा."

"तुला काय ठाऊक गो? मार कुणी खाल्लाय?"

मी बूच लावलं. दोन तास ते पाण्यावर नाचलं आणि बारके मासे कोळंबी कुरतडून नेत राहिले. ऊन तिरपं झालं, पाणी ओसरलं. मी बूच सोडलं आणि शिसं बांधलं. दादाने तोंड फिरवलं.

पहिलं शिसं चार हात गडगडलं आणि अडकलं. मी ओढलं. तंगूस चाबकासारखा कडाडून तुटला आणि जाताना माझ्या तर्जनीचं मांस हाडापर्यंत चिरून गेला. खारं पाणी त्यात शिरलं तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं. पण मी पाहिलं ते दादाकडे. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खांदे कानांपर्यंत उचलून, पाठ वाकवून उभा होता. वेताची वाट पाहत.

"कुणी नाहीये, दादा," मी म्हटलं.

"गप. रक्त बघ तुझं."

बोटाला रुमाल आवळून मी दुसरं शिसं टाकलं, तंगूस डाव्या हाताच्या बोटावर घेऊन. वाळू. वाळू. शिंपल्यांची खरखर. मग एक जड, मऊ थांबणं. मी झटका दिला आणि समुद्राने माझा हात खांद्यातून उपटायला घेतला. हमूर होता, इकडचा खडकांत राहणारा मोठा मासा. तो कपारीकडे खेचत होता, मी उजेडाकडे. दगडांवर माझे गुडघे सोलले. शेवटी दादाने पाण्यात उतरून त्याच्या कल्ल्यांत बोटं खुपसली आणि त्याला वर फेकलं. तंगूस दगडाच्या धारेवर तुटला, शिसं पाण्यात गेलं, पण मासा आमचा होता. तपकिरी, ठिपकेदार, उघड्या जबड्याने हवा चावणारा. पानाला शोभेल असा.

त्याला मारायला एक घाव पुरे होता. दादाने दगड उचलला, एक घाव घातला. मासा थरथरून थांबला. दादा थांबला नाही.

"घे! हे घे तुझं शिसं! घे!"

कवटी फुटल्याचा ओला आवाज, मग नुसताच दगडावर दगड. माझ्या ओठांवर खवलं उडाली, रक्ताची लोखंडी चव आली. शस्त्रक्रियेच्या खोलीत मी पुष्कळ रक्त पाहते, पण तिथे कुणी रडत रडत घाव घालत नाही. मी त्याचं मनगट धरलं, तर त्याने मला ढकललं. मी त्या बारक्या उंबऱ्यावर पुन्हा बसल्यासारखी खडकावर बसले आणि पाहत राहिले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली: मी फक्त आबांचं बोटच का पाहत होते, दादाची पाठ का नाही?

दगड त्याच्या हातून गळाला तेव्हा पानावर ठेवण्याजोगं काही उरलं नव्हतं. त्याने लाटेत हात धुतले. सूर्य पाण्यापासून वीतभर वर होता, ओहोटी अजून थोडी वाहत होती. अजून एकदाच गळ टाकता येणार होता.

मी नव्या तंगुसाला गळ बांधला आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. डाव्यात नारिंगी बूच. रुमाल गुंडाळलेल्या उजव्यात आबांचं शेवटचं शिसं.

"तू सांगशील ते लावते, दादा. आणि नको असेल तर घरी जाऊ. पान तसंच राहू दे."

त्याने माझ्या रक्ताळलेल्या रुमालाकडे पाहिलं, मग त्या काळ्या, ओबडधोबड गोळीकडे, ज्यावर आबांच्या बोटाचा ठसा अजून उमटलेला होता. खांदे हळूहळू खाली आले. तंगूस त्याने माझ्या हातून स्वतःच्या हाती घेतला.

"शिसं."