पाडव्याला उरलेलं एकच नाव

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंमुळे मी त्या दिवशी बोलले. हे आधी सांगते, कारण मंडळात आता सगळे म्हणतात, ठराव मी आणला.

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष ठरवायला आधी गावोगाव कौल घेतात. हॉल पुन्हा बुक करायला नको म्हणून कौल सणाला जोडलेला. एर्लांगेनचा संक्रांतीला, वोल्फ्सबुर्गचा शिवजयंतीला, आमचा कायझर्सलाउटर्नचा पाडव्याला. तोवर मागे पडलेले उमेदवार माघार घेऊन मोकळे. गेल्या पाडव्याला आमच्या चिठ्ठीवर एकच नाव उरलं होतं. ज्या बाई निवडून आल्यावर आमच्या गावात रविवारी जर्मनचा वर्ग सुरू करणार होत्या, त्यांनी शिवजयंतीनंतरच नाव मागे घेतलं. मला तो वर्ग हवा होता. माझी शाळा नववीतच सुटली, विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, भांडी धुते, आणि भाषेची परीक्षा झाल्याशिवाय इथं कायमचं राहता येत नाही.

यंदा त्या बाई पुन्हा उभ्या राहणार होत्या. म्हणून वार्षिक सभेत मागणी करायची होती, तिन्ही गावांनी एकाच रविवारी मत द्यावं.

"तूच मांड," काकू म्हणाल्या. "मी बोलले तर म्हणतील, म्हातारीचं नेहमीचंच."

सभेत समोर निम्मे पीएच.डी.वाले. पहिलं वाक्य कसंबसं झालं, तोच एर्लांगेनचे एक काका म्हणाले, "अहो वहिनी, आम्ही मत देतो, तुम्ही श्रीखंड करता. छान चाललंय की."

सगळे हसले. हातातल्या कागदाची मी घडी केली. मी खाली बसले. अध्यक्षांनी पुढचा विषय काढला.

काकू उठल्या. "अहो, तिचं बोलून झालेलं नाही."

"काकू, वेळ कमी आहे."

"मग ऐका पटकन." माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "ऊठ गं."

उठले. कागद खुर्चीवरच राहिला. "श्रीखंड मी करीन," म्हणाले, "पण मत द्यायला निदान दोन नावं तरी शिल्लक ठेवा."

या वेळी कुणी हसलं नाही. हात दोनदा मोजले. तीन हातांच्या फरकाने ठराव पास झाला, तोही एका वर्षापुरता.

बाई निवडून येतील का, वर्ग सुरू होईल का, काही सांगता येत नाही. काकूंच्या उपकाराची परतफेड कशी करायची, तेही अजून कळलेलं नाही. पण कधी त्यांना कुणी असं अर्ध्यावर खाली बसवलं, तर मी उठेन.