साहेबाचे पूर्वज आणि पणजोबांचं मधलं नाव

साहेबाला रिटायर व्हायचं होतं, आणि त्याआधी त्याला पूर्वज हवे होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मी त्याची सेक्रेटरी. पत्रं, मीटिंगा, व्हिसाचे कागद हे माझं काम. पण सहा महिने मी त्या अमेरिकन माणसाचा वंश उकरत बसले होते. त्याचं घराणं म्हणे इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला गेलेल्या अगदी पहिल्या लोकांपैकी. अशा घराण्यांच्या वंशजांची तिकडे एक संस्था आहे. प्रत्येक पिढी कागदाने जोडून दाखवली की प्रमाणपत्र मिळतं. ते त्याला नव्वदी ओलांडलेल्या आईच्या हातात द्यायचं होतं. तिची नजर जात चालली होती. "तिला स्वतः वाचता आलं पाहिजे," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही.

चर्चची रजिस्टरं, मृत्युपत्रं, जनगणनेचे पुसट स्कॅन. बापाला, मुलाला, पुतण्याला तीच तीच चार नावं. डोकं उठायचं. बायका तर जवळजवळ नव्हत्याच. 'त्याची पत्नी' एवढं लिहून मंडळी मोकळी. संध्याकाळी करामा भागातल्या आमच्या घरी येऊनही मी लॅपटॉप उघडला की नवरा चिडवायचा, "अगं, आधी आपल्या खापरपणजोबांचं नाव सांग बरं!" मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, "मम्मा, इट्स नॉट इव्हन अवर फॅमिली." दोघांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग यायचा.

साहेबाच्या पणजोबांपाशी गाडं अडलं. त्यांच्या वडिलांचा पत्ताच लागेना. पण पणजोबांना मधलं नाव होतं, मग अडचण कसली? मधलं नाव म्हणजे वडिलांचं. त्याच गावात त्या नावाचा, त्याच आडनावाचा माणूस सापडला. मी दोघांना बापलेक करून टाकलं आणि अर्ज पाठवला. यल्ला, खलास! चला, संपलं एकदाचं.

दोन महिन्यांनी अर्ज परत आला. या दोघांचं नातं सिद्ध होत नाही, असा शेरा. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं.

"हू टोल्ड यू धिस वॉज हिज फादर?"

"सर, मिडल नेम..."

"मिडल नेम कॅन बी एनीथिंग!"

काहीही? शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत आयुष्यभर मधल्या जागी माणसाचा बाप नाहीतर नवरा बघितलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने फुकट गेले होते, आणि तेवढ्यात त्याच्या आईला मोठी अक्षरंही दिसेनाशी झाली होती.

अर्ज का अडला ते सांगायला त्याने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. मी फाइल घेऊन उभी. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, ते मधलं नाव म्हणजे पणजोबांच्या आईचं माहेरचं आडनाव. पहिल्या बोटींतून आलेलं घराणं तिचं, तुझ्या बापाचं नव्हे. माझ्या सासूला तिच्या सासूने सांगितलं, तिने मला. घरातल्या जन्मांच्या नोंदी असलेलं पणजोबांच्या घरचं बायबल माझ्या कपाटात आहे.

"मॉम, व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

"यू नेव्हर आस्क्ड."

वडिलांकडची माहिती आईला कुठून असणार, असं काहीतरी तो पुटपुटला. मला त्याचा संताप आला, आणि मग स्वतःचा त्याहून जास्त. माझं मधलं नाव नवऱ्याचं. पहिलंसुद्धा त्यानेच लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं; आईवडिलांनी ठेवलेलं तिथेच संपलं. बाईचं नाव कसं नाहीसं होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरीही सहा महिन्यांत एकदाही मी त्याला म्हटलं नाही, सर, आईला विचारून बघा.

स्क्रीनवर म्हातारी विचारत होती, प्रमाणपत्र आलं की ते तिला वाचून कोण दाखवणार.