वीज आणि गडगडाट यांच्यामधले आकडे

पोरांनो,

मागच्या आठवड्यात तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. तुमच्या गावात वादळाचा भोंगा वाजतो आहे, तुमची आई तळघरातून हाका मारते आहे, आणि तुम्ही दोघं अजून व्हरांड्यात उभे राहून मोजता आहात. वीज चमकली की एक, दोन, तीन. शेवटी धाकटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "आजी, अजून पाच किलोमीटर लांब आहे!"

ही युक्ती तुम्हाला मीच शिकवली. चमक आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजायचे, तिनानं भागायचं, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. गणित बरोबर आहे. तरी ते मला तुमच्याकडून परत घ्यायचं आहे. फोनवर सांगितलं तर तुम्ही "हो आजी" म्हणाल आणि पुढच्या वादळात पुन्हा व्हरांड्यात जाल, म्हणून लिहिते आहे. गेल्या वैशाखात मळ्यावर वीज पडली हे तुम्हाला माहीत आहे. त्यातला माझा वाटा तुम्हाला कुणी सांगितलेला नाही.

मळ्यावर तुमची थोरली आजी राहते, माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. ती मला धाकटे म्हणते, आणि चिडली की मास्तरीणबाई, कारण मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तोही इंग्रजीतून. तुमचे आजोबा गेल्यापासून मे महिन्यात मी कोल्हापूरचं घर बंद करून तिच्याकडे जाते. जयसिंगपूरच्या अलीकडे उतरलं की मळा चालत दहा मिनिटांवर.

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. घाम वाळत नव्हता. वैशाखात गोठ्याचे पत्रे इतके तापतात की दुपारी जनावर आत ठेवता येत नाही. आक्कानं म्हशीला अंगणापलीकडच्या चिंचेखाली बांधलं होतं. आम्ही दोघी घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो.

तीनच्या सुमाराला पश्चिमेला एक ढग उभा राहिला. पसरलेला नव्हे, उभा. समुद्राकडची ओलसर हवा घाट चढून आपल्याकडे येते, आणि इथली जमीन भाजलेली असते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, वर गार होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. वाफेचं पाणी होताना तिच्या पोटातली उष्णता बाहेर पडते, आणि त्या उष्णतेनं हवा आणखी वर चढते. म्हणजे ढग आपली चूल आपणच पेटती ठेवतो. चढत चढत तो अशा थराला पोचतो की पुढे वाट नसते. मग त्याचं डोकं चपटं होऊन लोहाराच्या ऐरणीसारखं एका बाजूला लांबत जातं. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटत असतात, आणि त्या आपटण्यातून वीज साठत असते.

हे सगळं मी आक्काला सांगितलं.

"एवढं ठावं हाय, मग थांबीव की त्येला," ती म्हणाली.

"थांबवता येत नाही, आक्का. नुसतं कळतं."

"मग कळून काय उपेग? शेंगा फोड."

तुमच्याकडचं चक्रीवादळ, म्हणजे टॉर्नेडो, अशाच ढगातून होतं, पण त्याला आणखी एक गोष्ट लागते. जमिनीजवळचा वारा एका दिशेनं हळू आणि वरचा वारा दुसऱ्या दिशेनं जोरात वाहत असला, की मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी गरगरू लागते. वर चढणारी हवा ते लाटणं उचलून उभं करते. मग ढगाचा गाभाच फिरू लागतो, आणि कधीतरी त्यातून एक सोंड निघून जमिनीला टेकते. जितकी अरुंद होते तितकी जोरात फिरते. एक ढग सोंड टेकवतो आणि त्याच्यासारखाच दुसरा टेकवत नाही, असं का, हे अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. आमची वावटळ वेगळी. ती तापलेल्या रानातून उठते, पाचोळा फिरवते आणि विरते. तुमची वरून खाली येते.

चारनंतर ऐरण आमच्या डोक्यावरून पुढे गेली होती. उजेड पिवळा पडला. चिंचेतल्या चिमण्या गप्प झाल्या. मग एकदम गार झोत आला आणि शेंगांची टरफलं सोपाभर उडाली. ढगातून खाली आपटलेली हवा अशी पावसाच्या आधी पोचते. पश्चिमेला चमकलं.

आक्का उठली आणि दारामागचा कोयता घेऊन उंबऱ्याशी गेली. आपल्या घरात वळीव अंगावर आला की थोरल्या माणसानं उंबऱ्यातूनच अंगणात लोखंड फेकायचं, अशी रीत आहे. लोखंड पडलं की आभाळ निवळेपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या सासूबाई हेच करायच्या.

मी हसले. तिच्या हातातून कोयता काढून घेतला.

"लोखंड टाकून वीज थांबते होय, आक्का?"

"न्हाय थांबत तर न्हाय. टाकू दे की."

"थांब, मोजते आहे." पश्चिमेला पुन्हा चमकलं होतं. मनगटावरच्या घड्याळात एकवीस सेकंद झाले तेव्हा गडगडलं. "सात किलोमीटर. भरपूर वेळ आहे. त्यापेक्षा म्हैस आत घे."

तिनं ढगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नीट मोजलंस न्हवं?"

"नीट मोजलं."

ती गेली. पदर खोचून, झपाझप, अर्धं अंगण ओलांडून. मी दारात कोयता हातात धरून पुढची चमक मोजायला तयार उभी होते.

एकही आकडा म्हणता आला नाही. उजेड आणि आवाज एकदमच आले.

डोळे उघडले तेव्हा चिंच शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलली गेली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. म्हैस पाय मुडपून बसल्यासारखी दिसत होती. ती उठणार नव्हती. तिच्या अलीकडे दहा पावलांवर आक्का पालथी पडली होती. मग गारा सुरू झाल्या. मी तिला काखेत हात घालून ओढत आणलं. शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी जीपमधून जयसिंगपूरला नेलं.

माझी चूक गणिताची नव्हती. आकडे पडून गेलेल्या विजेचे असतात. पुढची कुठे पडेल ते त्यांत नसतं. ऐरणीच्या कडेपासूनसुद्धा वीज कितीतरी किलोमीटर लांब झेप घेते. गडगडाट कानावर आला, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. लोखंडानं काहीच होत नाही, हेही खरं. पण उंबरा न ओलांडण्याचा नियम त्या लोखंडाला बांधलेला होता, आणि मी एकाला हसताना दुसराही तिच्या हातातून काढून घेतला.

दवाखान्यात दोन दिवस तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"काय गं मास्तरीणबाई, किती आकडं झालं?"

मी तिच्या अंगावरची चादर ओढून नीट केली.

"म्हस गेली न्हवं?"

"गेली."

"माझ्याच हातानं बांधली हुती तिथं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्याबद्दल मला ती आजवर याहून जास्त काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदाही वैशाख लागला आहे. मी मळ्यावरूनच लिहिते आहे. काल दुपारी पश्चिमेला पुन्हा ढग उभा राहिला. आक्कानं उंबऱ्यातून कोयता फेकला, मी मागून दार लावलं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत ते उघडलं नाही. घड्याळाचा तेवढाच उपयोग. तुम्हीही तेवढाच करा. आणि भोंगा वाजला की आईची दुसरी हाक येण्याआधी तळघरात.

थोरल्या आजीचा डावा कान गेला, उजव्यानं ऐकू येतं. चिंचेची घराकडची बाजू वठली आहे. पलीकडची यंदा पालवली आहे.