शिंकेला उठणारा हात

दाढी करताना गिऱ्हाइकाला शिंक आली तर काय करायचं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते हातालाच शिकावं लागतं. नाकपुडी फुरफुरली, भुवई वर चढली, की वस्तरा गालापासून दूर गेलेला असला पाहिजे. शिंक मागून येते, हात आधी उठतो. कात्रीमामांचा हात असा होता. त्यांच्या खुर्चीत शिंकणारे बसून गेले, उचकी लागलेले बसून गेले, झोप लागून मान टाकणारे तर रोजचेच. एका गृहस्थांना हनुवटीखाली पातं लागलं की गुदगुल्या व्हायच्या आणि ते साबणाच्या फेसातून खुदुखुदु हसत सुटायचे. पण मामांच्या हातून कुणाला ओरखडा म्हणून उठला नाही.

गल्लीतली पोरं त्यांना कात्रीमामा म्हणायची. मग पोरांचे बाप म्हणू लागले, मग पोस्टमनही. बायकोनं तेवढं मनावर घेतलं नाही. "मी मामी झाले तेवढं पुरे," ती म्हणायची.

मामांचा दुसरा गुण म्हणजे बोलणं. दुकानात ते खपून जायचं, कारण अर्धं तोंड फेसात असलेला माणूस वाद घालत नाही. पंचाईत व्हायची सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी ऐकायला एकट्या मामी.

"तुम्ही कुठंतरी जात जा हो," एकदा मामी वाळल्या पापडासारख्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या कानांनाही आठवड्याची एक सुट्टी पाहिजे."

जायचं कुठं, याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी खुर्चीत येऊन बसलं. समोरचा सायकलवाला केस कापायला आला होता, आणि त्याचं तोंड पंक्चर झाल्यासारखं उतरलं होतं.

"आमचा रंगारी गेला हो मामा," तो म्हणाला.

मामांची कात्री थांबली. "कधी?"

"अहो तसा नाही. लेकीकडे राहायला गेला, दुसऱ्या गावी. आमच्या पाचातला एक कमी झाला."

"पाच जण मिळून काय करता? पत्ते?"

"मारामारी," सायकलवाला म्हणाला, आणि आरशात मामांचा चेहरा बघून घाईनं पुढं म्हणाला, "टीव्हीवर हो."

भानगड अशी होती. सायकलच्या दुकानावरच्या माडीवर ही मंडळी वीसेक वर्षं एकच व्हिडिओ गेम खेळत होती. दोन जण, दोन कंट्रोलर, पडद्यावर दोन लढवय्ये, आणि एक पडेपर्यंत दणादणी. गेम आला तेव्हा यांच्या डोक्यावर केस होते. केस गेले, चष्मे आले, गेम काढणारी कंपनीसुद्धा तो विसरली, पण यांची हौस जुन्या लोणच्यासारखी मुरतच गेली. पुलापलीकडेही अशीच एक टोळी होती. वर्षातून एकदा इकडचे पाच आणि तिकडचे पाच असा सामना व्हायचा. पाचवा मिळाला नाही, तर यंदा सामनाच नाही.

"मी येतो," मामा म्हणाले.

"तुम्ही कधी खेळलाय?"

"नाही. पण बसायला मिळतं ना? दिवसभर दुसऱ्याला खुर्चीत बसवून मी उभा. कुणी मला बसा म्हणत असेल तर मी मारामारीलाही तयार आहे."

सुट्टीच्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून माडीवर गेले. खोलीत रबराच्या सोल्युशनचा वास, भिंतीला टांगलेल्या टायरी, आणि मधोमध जुना, हत्तीच्या पिल्लाएवढा, पोट सुटलेला टीव्ही. मामांनी विचारलं, नवा चपटा का नाही घेत? चार जणांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणाच्या आईला म्हातारी म्हटलं.

"नव्या पडद्यावर बटण दाबलं की माणूस उशिरा हलतो," औषधवाली ताई म्हणाली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान तिचं. मंडळीत सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात जास्त मारणारी. "तेवढ्या उशिरात आपण मेलेले असतो."

मग त्यांना मंडळीचा रिवाज समजावला गेला. जो हरेल त्यानं कंट्रोलर पुढच्याला देताना आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगायची. "बटण अडकलं", "डोळ्यावर ऊन आलं" असलं काही चालणार नाही. नाचता येईना तर नाही म्हणा, अंगणाला बोल लावू नका. आणि "काय चुकलं कळलं नाही" असं म्हणणाऱ्याला चूक कळेपर्यंत पुढचा डाव नाही.

मामांनी छत्रीवाला निवडला. गेममध्ये बारा तऱ्हेचे लढवय्ये होते, त्यात हा एक काटकुळा म्हातारा लांब छत्री घेऊन उभा. "हा आपल्यातला वाटतो," मामा म्हणाले. पहिले काही आठवडे ते सगळ्यांकडून हरले, आणि हरण्याएवढाच त्यांना चूक सांगण्याचाही आनंद. बाकीचे दोन शब्दांत उरकायचे. मामा सुरू करायचे, "आता बघा, तो पुढं आला तेव्हा मला वाटलं..." आणि तिथून गाडी मेव्हण्याच्या लग्नापर्यंत जायची. शेवटी सायकलवाल्यानं नियम केला, की मामांची चूक एका दमात बसली पाहिजे.

पण हात मूळचा कसबी. कात्रीची सवय असलेली बोटं बटणांवर लवकर रुळली. महिना दोन महिन्यांत मामा रंगाऱ्याच्या तोडीचे झाले. पाचवी जागा त्यांचीच, असं सगळे धरून चालले. मामांना तर त्या जागेची अशी आस लागली, की गिऱ्हाइकाचे कल्ले कापताना ते तोंडानं छत्रीचे आवाज काढायचे.

आणि इथं माशी शिंकली. माशी म्हणजे कारकून.

हा कारकून पाणीपट्टीच्या कचेरीत होता. स्वभावानं हसरा, अंगानं बारीक, डावा डोळा मिचकावत खोड्या करणारा. त्याला धुळीनं शिंका यायच्या. एकदा डाव ऐन रंगात असताना तो शिंकला, आणि मामांचे दोन्ही अंगठे कंट्रोलरवरून असे उचलले गेले, की जणू तो तापला होता. कारकुनानं नाक पुसत पुसत लाथ मारली. मामा हरले.

"चूक सांगा," सायकलवाला म्हणाला.

मामांनी कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिला. "काय झालं कळलं नाही हो," ते म्हणाले.

त्यामुळे पुढचा डाव नाही. ते कोपऱ्यात टायरीखाली बसून राहिले. औषधवाली ताई त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं आपलं नाक नुसतं आक्रसलं, शिंक येताना आक्रसतं तसं. मामांचा उजवा हात मांडीवरून वर उठला.

"घ्या, सापडली," ताई म्हणाली.

सगळे पोट धरून हसले. मामाही हसले. पण कारकुनाला आयतं कोलीत मिळालं. आता त्याला धूळ लागत नव्हती. डाव हातातून निसटतोय असं वाटलं की तो खुशाल शिंकायचा. मामांचे अंगठे उठायचे, त्याची लाथ बसायची.

"ही खोटी शिंक आहे," मामा म्हणाले.

"हात का उचलला मग?"

"हाताला खरं-खोटं कळत नाही."

"पलीकडचे काय तुम्हाला विचारून शिंकणार आहेत?" कारकून म्हणाला. त्याचं म्हणणं वाकडं होतं, पण खोटं नव्हतं. असा हात घेऊन पाचव्या जागेवर बसणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. तेव्हा ठरलं, मामांची ही सवय मोडायची. कारकून शेजारी बसून शिंकणार, मामांनी खेळत राहायचं.

मामांनी जिद्दीनं घेतलं. घरी ते मामींना शिंकायला सांगायचे आणि स्वतः पळी घट्ट धरून बसायचे. "देवानं पदरात काय काय टाकलंय," असं म्हणत मामी पोळ्या लाटायचं थांबवून शिंकायच्या. हळूहळू हात उठायचा कमी झाला. मग एके दिवशी माडीवर कारकून घसा बसेपर्यंत शिंकला आणि छत्रीवाला हललासुद्धा नाही. सायकलवाल्यानं मामांची पाठ थोपटली. जागा पक्की.

त्याच आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापक दाढीला आले. मामा नेहमीसारखे बोलत होते, वस्तरा कानाखालून उतरत होता, आणि गुरुजी शिंकले. मामांचा हात उठला, पण शिंकेच्या मागून उठला. कानाखाली एक बारीक लाल रेघ आली.

"काही नाही हो, तुरटी लावा," गुरुजी म्हणाले.

मामांनी तुरटी लावली, दाढी पुरी केली, पैसे घेतले नाहीत, आणि गुरुजी गेल्यावर दुकानाचं दार अर्धं ओढून बसले. मामी डबा घेऊन आल्या तेव्हा ते गप्प होते. मामींनी डबा ठेवला, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही. मग गप्प का?"

मामांनी सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं. "त्या खेळातला म्हातारा मेला तर परत उभा राहतो ना?" त्यांनी विचारलं.

"राहतो."

"गुरुजींचा कान परत उगवत नाही."

सुट्टीच्या दिवशी मामा माडीवर गेले ते उभेच राहिले. "मला जागा नको," ते म्हणाले. "शिंक आली की माझा हात उठणार, आणि तो उठलाच पाहिजे. मोडलेली सवय मी परत लावून घेतोय. आता हा हात तुम्हाला सामन्यात काही कामाचा नाही. तुम्ही दुसरा कुणीतरी बघा. मी आपला येऊन बसेन, बघेन."

हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, त्यामुळे गोष्ट गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं. कारकून नखं बघायला लागला.

"चूक माझी," तो म्हणाला. हरलेला नसताना कुणी असं म्हटल्याचं त्या खोलीत कुणाला आठवत नव्हतं.

औषधवाल्या ताईनं टीव्ही लावला. "बसा मामा. हात उचला."

"शिंक?"

"आलीय असं समजा."

मामांनी अंगठे उचलले. पडद्यावर छत्रीवाला छत्री आडवी धरून उभा राहिला. या गेमची ही जुनी खुबी होती. बटणं सोडली की लढवय्या आपोआप अंग झाकून उभा राहतो. छाती, तोंड सुरक्षित, उघडे राहतात फक्त पाय.

"कारकून तुम्हाला पायावरच मारतो," ताई म्हणाली. "कारण तुम्ही त्याच्या मांडीला मांडी लावून भांडता. गिऱ्हाइकाएवढ्या जवळ. लांब राहा. छत्री लांब आहे, पाय कुणाचेच एवढे लांब नाहीत. हात उठला तर उठू दे. पण समोरच्याचा पाय पोचणार नाही अशा ठिकाणी उभे असताना उठू दे."

"म्हणजे सवय मोडायची नाही?"

"सवय ठेवा. जागा बदला."

मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जवळ जायची खोड मोडणं सोपं नव्हतं, कारण लांबून दाढी होत नाही. पण ही खोड मोडून कुणाचा कान कापला जाणार नव्हता. कारकून आता खरी आली तरच शिंकायचा, आणि तीही दाराबाहेर जाऊन.

सामन्याच्या दुपारी पलीकडची मंडळी पूल ओलांडून आली. माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी टायरीवर, कुणी जिन्यावर. चार जोड्या खेळून झाल्या, दोन डाव इकडच्यांनी जिंकले, दोन तिकडच्यांनी. पाचवा डाव मामांचा. समोर पलीकडचा भट्टीवाला, पाव भाजणारा. पिंपाएवढा माणूस, दाढी छातीपर्यंत, आणि तिच्यात, भुवयांत अजून सकाळचं पीठ. त्यानं पैलवान निवडला.

पैलवान पुढं यायचा, छत्रीवाला मागं सरायचा आणि लांबून टोचायचा. टोचून टोचून मामांनी पडद्यावरच्या पट्टीतला त्याचा जीव खाली आणला. पैलवानानं एकदा गाठून आपटलं, तेव्हा मामांचाही आला. वर घड्याळाचे आकडे उतरत होते. वेळ संपली तर ज्याचा जीव जास्त तो जिंकणार. मामांचा जीव पैलवानापेक्षा नखभर जास्त होता.

भट्टीवाल्याच्या दाढीतून पीठ उडालं. त्याची भुवई वर चढली.

इकडच्या चौघांनी ती भुवई पाहिली. सायकलवाल्यानं डोळे मिटले.

मामांचे दोन्ही हात वर, कंट्रोलर मांडीवर. भट्टीवाला खिडकीची काच थरथरेल असा शिंकला. त्या झटक्यात त्याची बोटं भलत्याच बटणावर पडली आणि पैलवान मागच्या मागं उडी मारून भिंतीला टेकला. नुसता उघडा. एक टोचणी, की संपलं.

"मारा," कारकून कुजबुजला.

"थांब, अजून एक आहे," मामा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच, ती भट्टीवाल्याच्या नाकावर होती.

दुसरी आली. मागोमाग तिसरी. मामा हात वर धरून खुर्चीमागं धीरानं उभं राहावं तसे बसले होते. भट्टीवाल्यानं डोळे पुसून पाहिलं, तोवर घड्याळ शून्यावर आलं होतं आणि पडद्यावर काटकुळा म्हातारा छत्री उघडून मिरवत होता.

पलीकडचे भांडायला उठले. "हात वर करून कुणी जिंकतं का? शरण आल्यासारखा बसलेला माणूस."

"बसा रे," भट्टीवाला हसत हसत म्हणाला. "चूक माझी. शिंकलो." मग मामांकडे वळला. "पण तुम्ही मारलं का नाही? मी भिंतीला टेकलो होतो."

मामांना प्रश्नच कळला नाही. "तुम्ही शिंकत होतात ना," ते म्हणाले.

भट्टीवाल्यानं आपली दाढी मुठीत धरली. "मी ही ठेवलीय ती हौसेनं नाही," तो म्हणाला. "वस्तरा लागला की मला शिंका सुटतात. तरुणपणी दोन ठिकाणी कापून घेतलं, मग कुणाच्या हाताखाली बसलोच नाही. कुटुंब रोज म्हणतं, पावात केस येतील."

पुढच्या आठवड्यात तो पूल ओलांडून दुकानात आला. मामांनी आधी कात्री चालवली, मग फेस केला. पहिलं पातं गालाला टेकायच्या आत भुवई चढली. हात वर, वस्तरा दूर. शिंक झाली. मामा थांबले, दुसरी झाली, तिसरी झाली. मग पातं खाली आलं. असं करत करत अर्धा गाल उजेडात आला. दाराशी मामी डबा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी डबा खाली ठेवून हे सगळं पाहिलं.

"मामा," फेसातून भट्टीवाला म्हणाला, "पुढच्या वर्षी मी छत्रीच्या आत शिरणार बघा."

"शिरा," मामा म्हणाले. "आता तोंड मिटा. हनुवटी आलीय."