कडुलिंबाच्या डहाळीमागे मी

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी धुके, दुपारी कोरडे ऊन.

आता तुमच्यापासून काय लपवू? काल मी स्वतःचे गावभर हसे करून घेतले, तेही कॅन्सरच्या नावावर!

काल नागपूरला डॉक्टरांनी माझ्या प्रोस्टेटसाठी किरणोपचाराचे दोन रस्ते सांगितले. एक, बाहेरून मशीनने, महिनाभर जवळजवळ रोज. दुसरा, किरणे सोडणारे बारीक कण एकदाच आत बसवायचे. मात्र नंतर काही काळ लहान मुलांना मांडीवर घ्यायचे नाही. "आधी एमआरआय करा, मग ठरवू," ते म्हणाले.

मांडीवर घ्यायचे नाही? माझी नात चिमी झोपते कुठे? माझ्याच मांडीवर! आणि मशीन घ्यावे, तर ऐन धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत रोज नागपूर! या घोरात पुढचे काही ऐकूच आले नाही. एमआरआयच्या बोगद्यात खडखड, धडधड! बाहेर आलो तो पक्के समजूनच, भरली किरणे अंगात!

अड्याळला घरी पोचताच ओरडलो, "चिमीले धरा! माह्याजवळ येऊ देऊ नोका!" घराबाहेरच्या छपरीत खाट टाकली, ताट वेगळे मागितले. पोर दारात रडू लागली.

बायको घाबरली. आमच्याकडे माता आली, म्हणजे कांजिण्या झाल्या, की माणसाला असेच वेगळे बसवतात, दाराला कडुलिंब लावतात आणि शेजारच्या बाया येऊन माता शांत व्हावी म्हणून त्याच्या पायांवर पाणी घालतात. तिने लावली डहाळी!

डहाळी पाहून शेजारची शेवंतावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन हजर.

"भाऊजी, या वयात माता? पाय इकडं करा."

"माता नाही वो वहिनी, किरणं हायेत अंगात! दूर राहा!"

"मंग कडुलिंब काहून लावला?"

"हिले विचारा!"

"मले काय विचारता?" बायको कडाडली. "तुमीच त मातेवानी बसून राहिले!"

तोवर आळीतल्या बाया रांगेने आल्या. पायांवर इतके गार पाणी पडले, की खाटेखाली चिखल!

शेवटी बायकोने दवाखान्यात फोन लावला. सिस्टर खो-खो हसली. "काका, एमआरआयमध्ये किरणं नसतातच, चुंबक असतो! उपचार अजून सुरूच कुठं झाला? आणि बाहेरून घेतलीत, तरी अंगात काही राहत नाही. नातीला खुशाल घ्या."

आज डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून फोन केला. दोन्ही रस्ते चालतील म्हणाले. मी बाहेरून घ्यायचे सांगितले. किरणे नेमकी कुठे सोडायची त्याची मापे घ्यायला सोमवारी बोलावले आहे. चिमी मांडीवर झोपली आहे. मला सर्दी झाली आहे.