तिच्या हातचा जॅम

लिफ्टकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्टा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की पहिला फोन यांना. हे पिशवी खांद्याला मारून जिना चढायचे, घाम पुसायचे आणि कामाला लागायचे. लोक म्हणायचे, काका आले म्हणजे सुटलो.

घरात मात्र त्यांनी हात टेकले होते. त्यांची लेक जेवत नव्हती.

एकुलती एक लेक, कॉलेजात नुकती जायला लागलेली. लहानपणी असा आडवा हात मारायची की बाप तिला कौतुकाने बकासूर म्हणायचा. आता ते नाव घरात कुणी तोंडातून काढत नसे. आधी तिने गोड सोडलं, मग तळलेलं, मग रात्रीचं जेवण. आज भूक नाही, आज मैत्रिणीकडे खाल्लं, आज पोट दुखतंय. भर उन्हातही ती स्वेटर घालून बसायची, आणि त्या स्वेटरमध्येही ती कुठेतरी हरवल्यासारखी दिसायची. काका आधी रागावले, मग गयावया केली, एकदा तर ताट आपटलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघा नवराबायकोंना समोर बसवून सांगितलं, "हा हट्ट नाही, आजार आहे. जेवणावरून भांडू नका, सौदे करू नका. मोठ्या हॉस्पिटलात तिचं नाव घातलंय. जागा झाली की बोलावतील."

जागा काही होईना. काका रोज कामावरून आले की बायकोकडे बघायचे आणि ती नुसती मान हलवायची.

अशात एका सुट्टीच्या दिवशी लेक आपणहून म्हणाली, "बाबा, स्ट्रॉबेऱ्या तोडायला जाऊ या का? शहराबाहेर ते शेत आहे ना, आपण तोडायच्या असतात तिथे. मला जॅम करायचाय."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. चहा अर्धा टाकून ते उठलेच. बायको म्हणाली, "अहो, बूट तरी नीट घाला, दोन पायांत दोन आहेत."

शेतात लांबच लांब वाफे होते आणि रोपांच्या बुडाशी पेंढा पसरलेला. शेतवाल्या बाईंनी प्रत्येकाच्या हातात टोपली दिली आणि हसत म्हणाल्या, "तोडता तोडता खा हो पोटभर! पोटात गेलेल्याचं वजन आम्ही करत नाही."

काका उगाच मोठ्याने हसले. लेक हसली नाही. ती वाफ्याशी उकिडवी बसली आणि कामाला लागली. पान बाजूला सारायची, फळ पूर्ण लाल आहे का बघायची, देठ नखाने खुडायची आणि फळ न दाबता टोपलीत ठेवायची. काका शेजारच्या वाफ्यात होते, पण त्यांचं लक्ष कसलं तोडण्यात? तिच्या हातात प्रत्येक फळ आलं की यांचा जीव टांगणीला. एक चांगलं टपोरं फळ तिने नाकाशी नेलं. डोळे मिटून वास घेतला. काकांनी श्वास रोखला. तिने डोळे उघडले आणि फळ टोपलीत ठेवलं.

वाफा संपल्यावर ती उठली आणि पटकन खाली बसली. "काही नाही, जरा गरगरलं."

"पाणी घे."

"हो."

काकांनी दोन्ही टोपल्या उचलल्या. खरं तर त्यांना तिलाच उचलायचं होतं, लहानपणी उचलायचे तसं, पण ते तिला चाललं नसतं.

घरी आल्यावर तिने ओट्याचा ताबा घेतला. फळं धुतली, देठ काढले, मोठ्या पातेल्यात साखर घालून मुरत ठेवली, वर लिंबू पिळलं. उकळी फुटली तसा घरभर वास सुटला. ती वरचा फेस चमच्याने अलगद काढत होती. गाल लाल झाले होते. किती दिवसांनी पोरगी अशी खुशीत दिसत होती! काका दाराला टेकून बघत राहिले.

"बाबा, चव बघ. साखर कमी नाही ना?"

"तूच बघ की. तुझ्या हातचा आहे."

"मला नाही कळत. तू बघ ना."

काकांनी चमचा चाटला. "झकास!"

इतक्यात ढवळताना एक थेंब तिच्या मनगटावर उडाला. भाजलंही असेल. दुसरं कुणी असतं तर पटकन चाटून टाकलं असतं. तिने नळ सोडला आणि मनगट साबण लावून धुतलं. एकदा धुतलं, वास घेतला, पुन्हा धुतलं.

मग तिने पाव भाजले, वर जाड जॅम लावला आणि आईबाबांपुढे बशा ठेवल्या. स्वतः हाताची घडी घालून समोर बसली. काकांचा प्रत्येक घास ती डोळ्यांनी मोजत होती, आणि तिचे डोळे असे चमकत होते की जणू तीच जेवते आहे.

"अजून एक घे ना, बाबा."

काकांनी घेतला. मग आणखी एक. पोट तट्ट फुगलं, तरी नाही म्हणवेना. शेवटी त्यांना राहवलं नाही. "हे बघ, हा मी खातो, पण अर्धा तू खायचास."

तिचा चेहरा एकदम विझला. ती उठली, बशा उचलल्या आणि पाठ करून घासायला लागली. बायकोने कपाळाला हात लावला. लेक खोलीत गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, ती आपल्याला भरवत होती. स्वतःच्या वाटचं."

बरण्या शेजारीपाजारी गेल्या. जो तो म्हणे, काय हात आहे हो पोरीला! काका मान डोलवून जिना उतरायचे.

पुढच्याच आठवड्यात ती कॉलेजात चक्कर येऊन पडली, आणि तेव्हा कुठे हॉस्पिटलात जागा झाली. तिथला नियम कडक. बाहेरचं काही आणायचं नाही, आणि जेवणाविषयी एक अक्षर बोलायचं नाही.

काका कामावरून थेट तिथे जायचे. एका संध्याकाळी तिच्यापुढे सूपची वाटी आणि पावाचा तुकडा होता, शेजारी नर्सबाई बसलेल्या. लेकीने तुकडा उचलला. तिने तो तोंडात घातला आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. काकांनी आपले हात मांड्यांखाली दाबून धरले.

"बाबा," ती म्हणाली, "तू बाहेर जा ना. प्लीज."

ते बाहेर येऊन बाकावर बसले. दार लोटलेलं होतं. आतून ना चमच्याचा आवाज, ना बोलण्याचा. बऱ्याच वेळाने नर्सबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीत सूप बरंचसं तसंच होतं.

"पाव गेला थोडा," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या बघू."

काकांना विचारायचं होतं, उद्या तरी जाईल ना हो? पण विचारून काय होणार होतं? त्यांनी दाराच्या फटीतून एकदा आत बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि बसच्या थांब्याकडे निघाले.