कबुतरांपुढे टांगलेलं नाटक

आमच्या मुलुंडच्या गॅलरीत अजूनही एक सीडी दोऱ्याला लटकते आहे, कबुतरांना घाबरवायला. कबुतरं तिच्याशेजारी बसून आरामात घाण करतात, ते सोडा. त्या सीडीत माझे बाबा होते.

बाबा दिवसा बँकेत आणि संध्याकाळी व्यावसायिक नाटकात. काम कंपाउंडरचं. दुसऱ्या अंकात यायचं, पेशंटला सांगायचं, "डॉक्टर जेवताहेत. आजार जरा थांबवून धरा," आणि हशा घेऊन आत जायचं. नाटकाच्या सीड्या निघाल्या आणि पुढे बाबा गेले. तेव्हा आमच्या फोनवर साधा फोटोही निघत नसे. त्यामुळे बाबांचा आवाज म्हणाल तर तेवढाच उरला, कंपाउंडरचा.

काही वर्षांनी ते नाटक एका ॲपवर आलं. ‘विकत घ्या’ असं बटण होतं, मी घेतलं. भाड्याने नाही, विकत. फोनवर नवरा दिसायला लागल्यावर आईने सीड्यांना कडेला भोकं पाडली आणि गॅलरीत बांधल्या. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं हेच चाललं होतं. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, सगळं कबुतरांपुढे टांगलेलं.

पितृपक्षात बाबांच्या तिथीला पान वाढलं की आई ते नाटक लावते. आधी कंपाउंडर बोलणार, मग आम्ही जेवणार. मागच्या वर्षी नाटक लावलं तर फोन म्हणतो, हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही. मराठी नाटक मुलुंडमध्ये उपलब्ध नाही. मग काय नॉर्वेत आहे? आई पानासमोर बसून होती. "चित्र नसू दे रे, आवाज तरी येतो का बघ," म्हणाली. त्या दिवशी आम्ही तसेच जेवलो.

ॲपवाल्यांनी कळवलं की मी नाटक विकत घेतलंच नव्हतं, बघण्याचा परवाना घेतला होता. वा. आमची कोळीण पापलेट विकते आणि दुसऱ्या दिवशी घरात शिरून कढईतून उचलून नेत नाही. तिला धंदा कळतो.

नाटकाचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिचं ऑफिस अंधेरीत. तिथे गेलो. काचेच्या केबिनमधला साहेब म्हणाला, "ते कंटेंट सध्या आमच्या प्लॅनमध्ये नाही, सर."

"प्लॅन राहू दे. मूळ टेप कुठे आहे?"

"ऑफिस शिफ्ट करताना काही गोष्टी डिस्कार्ड झाल्या."

म्हणजे भंगारात गेली. आणि त्याच्या डोक्यावर पोस्टर, पायरसी हा गुन्हा आहे. स्वतःच्या घरातली टेप ज्यांना सांभाळता आली नाही, ते मला चोरी म्हणजे काय ते शिकवणार. त्याने पुढे केलेलं पाणीही न पिता मी उठलो.

वाचवलं कुणी, तर आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने. पूर्वी हा माणूस स्वतःच्या चॅनलवर चोरीची नाटकं-सिनेमे बिनधास्त लावायचा. आता इंटरनेटची कनेक्शनं देतो, पण जुनं काही पुसलेलं नाही. कलेचं प्रेम वगैरे काही नाही, निव्वळ आळस. "पेनड्राइव्ह आण आणि घेऊन जा रे," म्हणाला.

कॉपी भिकार होती. रंग उडालेले, खाली साडीच्या दुकानाची जाहिरात सरकतेय, मधेच कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण दुसऱ्या अंकात बाबा आले आणि डॉक्टर जेवताहेत म्हणाले. आई रडली नाही. "मागे घे जरा, परत लाव," एवढंच म्हणाली. रडलो मी. त्यात लाजायचं काय.

माझं डोकं तापट. मी त्या साहेबाला मेल टाकली की तुम्ही भंगारात घातलेलं नाटक आम्हाला चोराकडे मिळालं. वाटलं, थोडी तरी लाज वाटेल. कसली लाज. लगेच फोन आला, आवाजात नुसती साखर. नाटक पुन्हा ॲपवर आणायचा विचार आहे, तेवढी फाइल पाठवता का? आणि पाठवल्यावर तुमच्याकडची डिलीट करा हं, हक्कांचा प्रश्न असतो.

फोन स्पीकरवर होता. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, बघायचं असेल तर घरी ये. चहा देईन. कॉपी देणार नाही."